सोळा किलोमीटरपर्यंतचे डोंगर

परवा फोनवर धाकटीनं विचारलं, "आजी, आजोबांना यायचं होतं, बाबानं कागदही केले होते, मग तुम्ही आमच्याकडे राहायला का नाही आलात?" मी "सांगेन कधीतरी" म्हणून विषय बदलला. फोनवर सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहिते आहे. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, तेव्हा तुमच्या सोयीसाठी इंग्रजीत लिहिणं मला जड गेलं नसतं. पण हे सगळं घडलं मराठीत. तुमचा बाबा वाचून दाखवेल. काही जागी तो अडखळेल, त्या जागा त्यानं गाळू नयेत.

क्रमानं सांगते. तुमच्या बाबानं तिकडचं नागरिकत्व घेतलं आणि त्यानंतर पहिलं काम केलं ते आम्हा दोघांचे कागद भरण्याचं. तुमचे आजोबा नुकतेच बँकेतून निवृत्त झाले होते. मी शाळेत भूगोल शिकवायची, तीही त्याआधी वर्षभर निवृत्त झालेली. तुमच्यातला मोठा तेव्हा कुठं बसायला लागला होता. उशीला टेकवून बसवलेला त्याचा फोटो आमच्या फ्रिजवर होता. फ्लॅट भाड्यानं द्यावा की बंद ठेवावा, यावर आजोबांनी शेजाऱ्यांची मतं घ्यायला सुरुवात केली होती. मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. आमच्या घरात याचा अर्थ हो असाच धरतात.

तेव्हा आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावरचं कुणी ना कुणी गेलेलं होतं, नाहीतर जायच्या तयारीत होतं. आधी मुलं गेली, मग सुनांच्या बाळंतपणाला आया गेल्या, मग काही घरांतली दोघंही कायमची. जाताना किल्ल्या माझ्याकडे ठेवायचे, कारण मी व्यवस्थित आहे अशी माझी ख्याती. स्वयंपाकघराच्या दारामागे मी एक पट्टी ठोकून घेतली होती आणि प्रत्येक किल्लीला मजल्याची चिठ्ठी बांधली होती. अधूनमधून जाऊन त्या घरांच्या खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे. बंद घरातला नळ आधी खोकतो, मग तांबडं पाणी येतं. मला ते काम आवडत नव्हतं आणि नाही म्हणवत नव्हतं.

एकदा जेवताना आजोबांनी प्रश्न काढला की आपल्या घराची किल्ली कोणाकडे ठेवायची. मी वाढता वाढता उठून गॅलरीत गेले, तिथून परत आत आले, मग पुन्हा गॅलरीत. त्या दिवसांत मला एका जागी बसवतच नसे. पुसलेला ओटा पुन्हा पुसायचा, लावलेलं कपाट पुन्हा लावायचं. पुस्तक घेतलं तर चार ओळींनंतर पाय आपोआप खाली. आजोबा पेपरमागून म्हणायचे, "बस की जरा. फरशी झिजेल."

अशात एका सकाळी भाजी घेताना माझा एक जुना विद्यार्थी भेटला. कमरेला पेजर, हातात मेथीची जुडी. वायरलेसचा इंजिनियर होऊन तो काही वर्षं अमेरिकेत राहून परत आला होता आणि कर्वे रस्त्यालगतच्या एका गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वर, त्यानं स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं विचारलं, "बाई, तुम्हाला अजून नकाशावरच्या समोच्च रेषा वाचता येतात का?"

"तुला शाळेत येत नव्हत्या," मी म्हटलं. "मला येतात."

"म्हणूनच विचारतोय," तो म्हणाला.

काम असं होतं. अमेरिकेत कुणाला पेजरसाठी टॉवर उभारायचा असला की सरकारकडून परवाना लागतो, आणि अर्जात त्या टॉवरवरची अँटेना किती उंच आहे ते लिहावं लागतं. ती उंची पायथ्यापासूनची चालत नाही. आजूबाजूच्या प्रदेशाच्या सरासरी उंचीपासून ती किती वर आहे, ते हवं असतं. ही सरासरी कशी काढायची याचे नियम ठरलेले. नकाशावर टॉवरच्या जागेपासून आठ दिशांना आठ सरळ रेषा मारायच्या, पहिली उत्तरेला. प्रत्येक रेषेवर पहिले तीन किलोमीटर सोडून द्यायचे आणि सोळाव्या किलोमीटरला थांबायचं. मधल्या तुकड्यावर सारख्या अंतरावर निदान पन्नास ठिपके घ्यायचे, प्रत्येक ठिपक्याखालच्या जमिनीची उंची समोच्च रेषांवरून वाचायची आणि त्यांची सरासरी काढायची. मग आठ रेषांच्या आठ सरासऱ्यांची पुन्हा एक सरासरी. हे एरवी संगणकावर होत असे. पण डोंगराळ भागात संगणकातली माहिती ढोबळ होती, ती नकाशाशी जुळत नसे, आणि तिथं हातानं काढण्याची मुभा होती. तिकडच्या एका वयस्क सल्लागाराकडे अशा डोंगरातल्या जागा साठल्या होत्या. त्यानं माझ्या विद्यार्थ्याला नमुन्यादाखल काही जागा दिल्या होत्या. त्या पसंत पडल्या तर वर्षभराचं काम.

घरी येईपर्यंत माझं मन ठरलं होतं. हे काम लागलं की मुलाला सांगायला मला कारण मिळणार होतं. आई नोकरी करते, ती कशी येईल, हे वाक्य त्याला समजलं असतं. तो स्वतः नोकरीसाठीच गेला होता. मला करमणार नाही, माझं इथं सगळं आहे, असली वाक्यं मी मनात म्हणून पाहिली होती. ती म्हणताना माझं मलाच पटायचं नाही. शेजारच्या बायकाही तेच म्हणायच्या, आणि मग त्यांच्या किल्ल्या माझ्याकडे यायच्या.

ऑफिसात माझ्या जोडीला पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक ड्राफ्ट्समन होते. मूळचे नागपूरकडचे, पण सगळी नोकरी पुणे जिल्ह्यातल्या धरणांच्या नकाशांत गेलेली. त्यांनी पहिल्याच दिवशी आमची पद्धत घालून दिली. ते भिंग धरून रेषेवरून सरकत उंची मोठ्यानं वाचणार, मी लिहिणार. रेषा संपली की बाजू बदलायची. मी दुसऱ्या टोकाकडून वाचत यायचं आणि त्यांनी माझ्या आकड्यांवर खुणा करायच्या. उलट वाचल्यानं चूक लपत नाही, असं त्यांच्या खात्यात मानत. वाचन चालू असताना चहा नाही, इतर बोलणं नाही. त्यांना वाचताना एक लय लागायची, त्यामुळे खाली दवाखान्यात गाल धरून बसलेल्यांना वर कुणीतरी पाढे म्हणतंय असं वाटत असावं.

तो सगळा प्रदेश मी कधी पाहिला नव्हता. पण ओढे कुठून निघतात, खाणी कुठं आहेत, कोणत्या डोंगराची कोणती बाजू कड्यासारखी तुटली आहे, हे मला माहीत झालं. एखादी रेषा दफनभूमीवरून जायची, एखादी शाळेवरून. तेवढे तास माझे पाय टेबलाखाली स्वस्थ असायचे. बाहेर पडलं की पुन्हा तीच तगमग. रस्ते सगळीकडे कसल्या ना कसल्या केबलींसाठी खणलेले, फुटपाथवर मातीचे ढीग. मी त्यातून भराभर घरी जायची आणि घरी गेल्यावर भराभर कशासाठी आले ते कळायचं नाही.

आजोबांना मी नियम समजावून सांगितले होते. त्यातल्या एकाची त्यांना फार मौज वाटली. रेषेचा जो भाग परक्या देशावरून किंवा पाण्यावरून जातो तो मोजायचा नाही, पलीकडे ठरावीक अंतरात पुन्हा अमेरिकेची जमीन लागली तरच धरायचा, असा तो नियम होता.

"म्हणजे परका देश आणि समुद्र एकाच मापानं," ते म्हणाले. "आपण दोन्हींच्या पलीकडचे. आपल्याला कोण मोजतंय."

"आपल्याला मोजायला मुलाखतीला बोलावलंय," मी म्हटलं. मुंबईच्या वकिलातीचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं. तारीख पडली होती, आणि त्याआधी दोघांच्या तब्येतीची तपासणी.

आता तळ्याचं सांगते. नमुन्यातल्या शेवटच्या जागेच्या आग्नेयेकडच्या रेषेवर एका धरणाचं मोठं तळं होतं. तळ्यापलीकडे पुन्हा जमीन होती, म्हणजे तो भाग नियमाप्रमाणे धरायला हवा होता. पण धरायचा तर किती उंचीचा, हे नियमात आम्हाला कुठं सापडेना. नकाशावर तळ्याच्या आत फिक्या निळ्या रेषा होत्या. धरण बांधण्यापूर्वीच्या दरीच्या त्या समोच्च रेषा, उंचीचे आकडे घातलेल्या. ड्राफ्ट्समन क्षणभरही न थांबता त्या वाचू लागले. मी पेन्सिल थांबवली आणि विचारलं की पाण्याचा पृष्ठभाग धरायला नको का.

"कोणता पृष्ठभाग, बाई?" ते म्हणाले. "गणपतीतला की मे महिन्यातला? पाण्याची पातळी रोज बदलते. तळ बदलत नाही. आम्ही जन्मभर तळच वाचला."

मला ते पटलं. तुम्हाला हे विचित्र वाटेल, म्हणून सांगते. आम्ही खडकवासल्याचं पाणी पिणारी माणसं. धरण भरल्याची बातमी आमच्याकडे पहिल्या पानावर येते आणि उन्हाळ्यात किती उरलं याचीही. मे महिन्यात पाणी मागं हटलं की काठाचा गाळ उघडा पडतो, त्यात लोक काकड्या लावतात, गुरं चरतात. वरच्या धरणांत तर जुन्या देवळांचे चौथरे वर येतात आणि माणसं जाऊन नमस्कार करून येतात. तळ्याखाली जमीन आहे आणि ती कधीतरी दिसणार आहे, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. ते वाचत गेले, मी लिहीत गेले. मग मी उलटीकडून वाचलं आणि त्यांनी खुणा केल्या. आकडे तंतोतंत जुळले.

कागद फॅक्सनं गेले. त्यानंतरचे दिवस वाट पाहण्यात गेले. मी रोज काहीतरी निमित्त काढून ऑफिसात जायची. फॅक्सच्या यंत्राशेजारी एक स्टूल होतं, त्यावर बसायची, उठायची. घंटी वाजली की आम्ही तिघं तिकडं बघायचो, आणि यंत्रातून कुठल्यातरी झेरॉक्सवाल्याचं दरपत्रक निघायचं. घरी आजोबांनी दोघांचे एक्स-रे काढून आणले होते आणि ते उजेडात धरून बघत होते. तुझी फुप्फुसं अमेरिकेला जायला अगदी तयार आहेत, असं त्यांनी मला सांगितलं.

मग उत्तर आलं. मुख्य कागदावर तिकडच्या सल्लागारानं हातानं एकच ओळ लिहिली होती: माझ्या तळ्यातलं पाणी कोणी काढलं?

माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा पडला. त्यानं तो कागद ड्राफ्ट्समनच्या हातात दिला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि सांगितलं की पाणी काढलं नाही, धरलं नाही इतकंच. लगेच फोन लावला गेला. माझा विद्यार्थी इंग्रजीत बोलत होता आणि मधेच फोनवर हात ठेवून आम्हाला सांगत होता. रेडिओलहरी पाण्यावरून जातात, तळाशी बुडी मारून येत नाहीत. आम्ही दरीचा तळ धरल्यामुळे प्रदेशाची सरासरी खाली आली, म्हणून अँटेना कागदावर आहे त्याहून उंच दिसू लागली, आणि जितकी उंच अँटेना तितकी कमी ताकद वापरायची परवानगी. हा अर्ज असाच गेला असता तर डोंगराआडच्या गावातल्या डॉक्टरचा पेजर वाजला नसता. पाण्याची पातळी नकाशावर तळ्याच्या मधोमध छापलेली होती. ती आम्ही पाहिली होती आणि सोडून दिली होती.

"त्यांना विचार," ड्राफ्ट्समन म्हणाले, "ती पातळी कोणत्या महिन्यातली."

विचारलं. उत्तर आलं की बाराही महिने तीच, फार तर हातभर इकडंतिकडं.

"बारा महिने? मग शेताला पाणी केव्हा सोडून राहिले ते?"

माझ्या विद्यार्थ्यानं तेही विचारलं. शेताला सोडत नाहीत, म्हणाला. ते धरण विजेसाठी आहे, आणि उन्हाळ्यात लोक तिथं होड्या चालवतात. ड्राफ्ट्समन भिंग पुसत बसले. बऱ्याच वेळानं स्वतःशीच म्हणाले, "होड्या."

तो भाग आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतंच, सगळ्या ठिपक्यांना एकच आकडा. आठवड्याच्या आत पसंती आली, आणि बाकीचं काम इतकं नीट झालं होतं की सल्लागारानं वर्षभराचं काम देऊ केलं. माझ्या विद्यार्थ्यानं पेढे आणले. मी माझा पेढा कागदात बांधून घरी नेला आणि आजोबांच्या हातावर ठेवून सांगितलं की मला नोकरी लागली.

ते पेढ्याकडे बघत राहिले. "केव्हापर्यंत?"

"वर्षभर. पुढंही चालेल."

"मग मुलाखत?"

"तेच रविवारी बोलू त्याच्याशी," मी म्हटलं. तुमचा बाबा दर रविवारी सकाळी फोन करायचा. त्या दिवशी मी जेवून उठल्यावर चक्क झोपले. कितीतरी दिवसांत दुपारची झोपले नव्हते.

शनिवारी ऑफिसात गेले तर माझ्या विद्यार्थ्यानं आम्हा दोघांना बसवून घेतलं. तो अवघडलेला होता. तळ्याच्या प्रकारानंतर सल्लागारानं ठरवलं होतं की उंचीची नवी, बारीक माहिती सीडीवर विकत घ्यायची आणि सगळ्या जागा संगणकावरच काढायच्या. त्या माहितीत तळी तळ्यांसारखी होती. त्यासाठी माझा विद्यार्थी दोन इंजिनियर मुली घेणार होता, आणि ऑफिसही मोठ्या जागेत, जमलं तर हिंजवडीकडं हलवायचा विचार होता. तिथं तेव्हा शेतंच होती. संगणक आणि नकाशा जुळला नाही तर मात्र आम्हाला बोलावणार.

"आणि किती वेळा जुळणार नाही?" मी विचारलं.

"बाई, खरं सांगू? फारसं नाही." मग तो म्हणाला, "काम तुमच्यामुळंच मिळालं."

"ते ऐकलं," मी म्हटलं. ड्राफ्ट्समननी भिंग त्याच्या कातडी पिशवीत घातलं, मला नमस्कार केला आणि बोलावलं की येतो म्हणून जिना उतरले. मीही उतरले. त्या दिवशी मी सरळ घरी गेले नाही. कर्वे रस्त्यानं कोथरूडच्या टोकापर्यंत चालत गेले, तिथं काही काम नव्हतं, म्हणून परत फिरले. वाटेत तेच वाक्य घोळत होतं. आई नोकरी करते, ती कशी येईल. ते अजूनही म्हणता आलं असतं. तिकडून कोण तपासायला येणार होतं? पण आजोबांना रोज दुपारी मी घरात दिसणार होते, आणि खोटं रोज सांभाळावं लागलं असतं. त्यासाठी फार नीटनेटकेपणा लागतो, माझ्याइतकाच, आणि तो मला त्यावर घालवायचा नव्हता.

रविवारी फोन वाजला तेव्हा मी केर काढत होते, केर नसताना. आजोबांनी उचलला, थोडं बोलले आणि माझ्या हातात दिला. त्यांना शनिवारचं मी सांगितलं नव्हतं. तुमचा बाबा खुशीत होता. मागं मोठ्याचा आवाज येत होता, काहीतरी आपटत होता. त्याला नोकरीचं आजोबांनी आत्ताच सांगितलं होतं. आई, वर्षभरानं ये, मुलाखत पुढं ढकलता येते, मी चौकशी करतो, असं तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की नोकरी लागली होती आणि गेलीही. आजोबा खुर्चीत पुढं सरकले.

"अरेरे," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मग म्हणाला, "पण मग आता अडचण काय आहे, आई?"

"अडचण काही नाही," मी म्हटलं. "मला यायचं नाही."

"आत्ता नाही का?"

"कधीच. राहायला नाही. भेटायला येईन."

तिकडं मोठ्याचं आपटणं चालू होतं. "का पण?" त्यानं विचारलं. मी कारण शोधलं, आणि मला सापडलं नाही, म्हणून तसंच सांगितलं, की कारण नाही. शाळेत एखाद्या मुलानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. तुमचा बाबा म्हणाला, "बाबांना दे."

आजोबांनी फोन घेतला. ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी तुझ्याइतकंच आत्ता ऐकतोय." आणि थोड्या वेळानं, "नाही. एकटा नाही येणार मी. तिच्याशिवाय तुमच्याकडे मी काय करू? डायपर?"

त्यांनी फोन ठेवला. मी केरसुणी जागेवर ठेवली आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले. बसले ती बसूनच राहिले, ते त्यांच्याही लक्षात आलं असावं.

"एवढंच होतं," ते म्हणाले, "तर इतके महिने तिकडचे डोंगर कशाला मोजत होतीस?"

"कारण मिळेल म्हणून."

"आणि?"

"आणि आवडलं म्हणून."

त्यांनी मुलाखतीचं पत्र पाकिटातून काढलं, पुन्हा वाचलं, पुन्हा आत ठेवलं. सोमवारी त्यांनीच वकिलातीला कळवलं, सुवाच्य अक्षरात, एकाही खाडाखोडीशिवाय.

त्यांना यायचं होतं, हे धाकटीला बरोबर कळलं आहे. मोठ्याचं पहिलं पाऊल आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. पुढं पाहुणे म्हणून दोनदा आलो, तेव्हा तुम्ही आमच्याशी दाराआडून बोलायचात. तिकडच्या थंडीसाठी आजोबांनी लक्ष्मी रोडवर एक जाड ओव्हरकोट शिवून घेतला होता, तो शिंप्याकडून त्या फोननंतरच्या आठवड्यात आला. मी तो डांबरगोळ्या घालून ठेवणार होते. त्यांनी ठेवू दिला नाही. डिसेंबर लागला की रोज पहाटे तो कोट घालून ते टेकडीवर फिरायला जायचे. बाकीचे लोक साध्या स्वेटरात. कुणी विचारलंच की अहो, हे काय, एवढी कुठं आहे थंडी, तर ते थांबून सांगायचे, "अमेरिकेला निघालो होतो. हिनं अडवलं." मी शेजारीच असायची. पुष्कळ वर्षं त्यांनी हे सांगितलं, आणि दर वेळी मी मान हलवून हो म्हणायची.